साइट आहे, पण गूगलवर सापडत नाही!

यावेळी आलेली निम्मी पत्रं एकच रड सांगतायत, वेबसाइट केली, पैसे घातले, आणि गूगलमधे शोधलं तर आमचं नाव कुठंच नाही. म्हणून आज फक्त हाच विषय. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते (पासवर्ड विसरलेले काका, तुमचा पण, सॉरी).

प्रश्न: ताई, दापोली तालुक्यात आमचा छोटासा होमस्टे आहे. पाच खोल्या, जेवण घरचं, समुद्र जवळ. दीड वर्षापूर्वी भाच्याने वर्डप्रेसवर (साइट बांधायचं तयार साधन) वेबसाइट करून दिली. पण 'दापोली होमस्टे' शोधलं की सगळ्या मोठ्या बुकिंगवाल्या कंपन्या येतात, आम्ही पाचव्या पानावरसुद्धा नाही. भाचा म्हणतो एसईओ करायला लागेल. म्हणजे नक्की काय करायचं?

उत्तर: दादा, एसईओ म्हणजे लोकांनी गूगलवर शोधलं की आपली साइट वर दिसावी म्हणून केलेली मेहनत. पण आधी एक मिनिटाचं काम करा. मोबाइलवर गूगल उघडा, शोधायच्या चौकोनात इंग्रजीत साइट हा शब्द, त्याला चिकटून कोलन म्हणजे उभी दोन टिंबं, आणि मधे जागा न सोडता तुमच्या वेबसाइटचा पत्ता टाका. तुमची पानं दिसली तर गूगलला तुम्ही माहीत आहात, फक्त मागच्या बाकावर बसवलंय. काहीच आलं नाही तर बहुतेक गूगलने तुमची साइट साठवलेलीच नाही, आणि मग बाकीचे उपाय करून उपयोग शून्य. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधे रीडिंग म्हणून एक पान असतं, तिथं खाली एक चौकोन असतो, सर्च इंजिनांनी ही साइट घेऊ नये असं सांगणारा. साइट बांधत असताना लोक तिथं टिक करतात आणि नंतर काढायची विसरतात. हसू नका, मी स्वतः दिरांच्या नर्सरीची साइट केली तेव्हा तो टिक तसाच राहिला, अडीच महिने मी गूगलला शिव्या घालत होते आणि दीर मला.

तुमचा टिक काढलेला आहे, मी बघितलं, पानं दिसतायत. पण कशी दिसतायत ते बघा. निकालात जी निळी ओळ येते, ज्याला टायटल म्हणतात, तिथं तुमच्याकडे लिहिलंय 'होम'. बास. दुसऱ्या पानाचं टायटल 'अबाउट अस'. आता पुण्यातल्या एखाद्या माणसाने हे वाचून कशाला बोट लावायचं? तिथं गावाचं नाव, होमस्टे आहे हे, आणि तुमचं नाव, एवढं सरळ लिहा. प्रत्येक पानाला वेगळं.

मग तुमचे दर. ते एका पोस्टरच्या फोटोत आहेत, सोनेरी अक्षरात, मागे सूर्यास्त. दिसायला झकास, पण फोटोतल्या अक्षरांवर गूगलने विसंबावं अशी अपेक्षा धरू नका, आणि गिऱ्हाइकाला फोटोतला फोन नंबर दाबून कॉल पण लागत नाही. दर, नंबर, पत्ता, सगळं साधं टाइप करून टाका. फोटो फोनमधून काढले तसेच चढवलेत, एकेक सात-आठ एमबीचा, माझ्या फोनवर पहिला फोटो उघडेपर्यंत मी कुकरची एक शिट्टी ऐकली. गूगलच्या हिशोबात पानावरचा मुख्य भाग 2.5 सेकंदांच्या आत दिसला तर चांगलं. आणि गूगल तुमची साइट मोबाइलवर दिसते तशीच वाचतं, तेव्हा भाच्याच्या लॅपटॉपवर ती किती भारी दिसते याला फार अर्थ नाही. फोटो बारीक करून चढवा, त्यासाठी फुकटची साधनं ढिगाने आहेत.

आता मुद्द्याचं. तुमच्या पहिल्या पानावर लिहिलंय, 'निसर्गाच्या कुशीत वसलेले, नारळी-पोफळीच्या सावलीत विसावलेले आमचे रमणीय निवासस्थान.' दादा, कोकणातल्या प्रत्येक होमस्टेच्या साइटवर हेच वाक्य आहे, एखाद-दुसरी पोफळ इकडेतिकडे. हे कोणी शोधत नाही. लोक काय शोधतात ते तुम्हाला गूगलपेक्षा जास्त माहितीये, कारण ते तुम्हालाच फोन करून विचारतात. पुढचे पंधरा दिवस फोनशेजारी वही ठेवा आणि आलेला प्रत्येक प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. मी पैजेवर सांगते काय निघेल. समुद्र चालत किती मिनिटं? मधे डांबरी रस्ता आहे का? आईचे गुडघे दुखतात, खालची खोली मिळेल का? आम्ही चौघं मासे खाणारे आणि सासूबाई माळकरी, त्यांचं वेगळ्या भांड्यात होईल का? ड्रायव्हरची झोपायची सोय? पुण्याहून ताम्हिणीने यायचं की भोरवरून, आणि पावसाळ्यात वरंधा घाट चालू असतो का? खेड स्टेशनला उतरलो तर पुढे गाडी मिळते? हर्णैचा माशांचा लिलाव किती वाजता सुरू होतो? कड्यावरच्या गणपतीला आणि आसूदच्या केशवराजला एकाच दिवसात जाऊन होईल का?

हे झालं तुमचं एसईओ. यातल्या मोठ्या प्रश्नांना एकेक पान, बारक्या प्रश्नांना मिळून एक पान, आणि उत्तर फोनवर देता तसंच द्यायचं. 'सकाळी लवकर निघालात तर केशवराज आधी करा, पुलानंतर पायऱ्या आहेत, उन्हात आजीला घेऊन जाऊ नका' असं. मोठ्या बुकिंग कंपनीला ड्रायव्हर कुठं झोपतो हे लिहिता येत नाही कारण त्यांना ते माहीतच नाही, तुम्हाला माहितीये.

आणि 'दापोली होमस्टे' या दोन शब्दांवर त्यांना हरवायचं वेड डोक्यातून काढून टाका. गूगलची सुरुवातच या कल्पनेवर झाली, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी 1998 साली मांडलेली, की एका साइटने दुसरीची लिंक देणं म्हणजे एक प्रकारचं मत देणं, आणि ज्याला जास्त मतं आहेत त्याचं मत पण जास्त वजनाचं. आज त्यात आणखी शेकडो गोष्टी मिसळल्यात पण लिंकचं वजन अजून आहे, आणि त्या कंपन्यांकडे जगभरातून लिंका आहेत. तुमच्याकडे आहे भाच्याची फेसबुक पोस्ट. त्यापेक्षा 'कर्दे बीचजवळ घरगुती जेवण खालची खोली' असलं लांबलचक कोणी टाइप केलं की तिथं तुम्ही दिसायला हवं, तिथं गर्दी नाही, आणि असं टाइप करणारा माणूस पैसे काढायला खिशात हात घालूनच बसलेला असतो. हो, आणि लोक मराठी पण इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, तेव्हा एक पान मराठीत आणि त्याचंच एक इंग्रजीत ठेवा, दोन्ही माणसाने लिहिलेली, एकाच पानात खिचडी नको.

एक राहिलंच, आणि खरंतर तुमच्यासाठी हेच सगळ्यात लवकर फळ देईल. शोधल्यावर वर नकाशा आणि त्याखाली तीन नावं येतात ना, तिथं यायला वेबसाइटच लागते असं नाही, गूगल बिझनेस प्रोफाइल लागतं. पूर्वी त्याला गूगल माय बिझनेस म्हणायचे, 2021 मधे नाव बदललं. फुकट असतं, त्यासाठी पैसे मागणारा फोन आला तर ठेवून द्या. तिथला क्रम गूगलच्याच सांगण्याप्रमाणे तीन गोष्टींवर ठरतो, शोधलेल्या गोष्टीशी तुम्ही किती जुळता, किती अंतरावर आहात आणि किती नावाजलेले आहात. अंतर तुमच्या हातात नाही, बाकी दोन आहेत. वर्ग नीट निवडा, नकाशातली खूण खरोखर तुमच्या फाटकावर आहे का बघा (तुमची शेजारच्या काजूच्या बागेत पडलीये), फोटो दर मोसमात नवे टाका. नावात 'बेस्ट चीप बीच होमस्टे दापोली' असलं काही कोंबू नका, पाटीवर जे नाव तेच, नाहीतर प्रोफाइल बंद पडू शकतं. पाहुण्यांना निघताना रिव्ह्यू टाका म्हणून जरूर सांगा, पण रिव्ह्यूच्या बदल्यात चहा-भजी फ्री किंवा बिलात सूट, हे गूगलच्या नियमात बसत नाही. आणि वाईट रिव्ह्यूला चिडून उत्तर देऊ नका, तुम्ही एका ठिकाणी 'तुम्हीच टॉवेल नेलात' असं लिहिलंय ते आज काढा.

प्रश्न: आमचं साड्यांचं दुकान आहे, पैठणी आणि नारायणपेठ जास्त. एका एजन्सीने '15 दिवसांत गूगलच्या पहिल्या पानावर, गॅरंटी' असं सांगून वर्षाचे 36 हजार घेतले. त्यांनी दाखवलं, खरंच पहिल्या पानावर पहिला नंबर आहे. पण गिऱ्हाईक एक नाही. हे कसं काय?

उत्तर: ताई, ते कोणत्या शब्दांवर पहिला नंबर दाखवतायत ते विचारलंत का? तुम्ही पाठवलेल्या फोटोत शोधलेले शब्द आहेत तुमच्याच दुकानाचं पूर्ण नाव, पुढे पेठेचं नाव, पुढे शहराचं नाव. अहो, त्यावर दुसरं कोण येणार? आपल्याच घराच्या दाराची बेल वाजवून आत कोणीतरी आहे हे सिद्ध करण्यातली गत. ज्याला तुमचं नाव माहितीये तो तसाही आला असता.

पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतः लिहून ठेवलंय. जाहिरातीचे पैसे भरून वर 'स्पॉन्सर्ड' म्हणून येता येतं, ते ठीक आहे, पण जाहिरात थांबली की तुम्ही पण गेलात, आणि जाहिरात दिल्याने खालच्या नेहमीच्या यादीतला नंबर वर सरकत नाही.

मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. त्यांनी महिन्याला 500 बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्या साइटकडे लिंका, देऊ म्हटलंय. या विकत घेतलेल्या लिंका असतात, कुठल्यातरी परदेशी जुगाराच्या नाहीतर औषधी गोळ्यांच्या साइटवरून येणाऱ्या. गूगलने 2012 च्या एप्रिलमधे पेंग्विन नावाचा बदल आणला तो याच धंद्यावर, तेव्हा भल्याभल्यांच्या साइट रातोरात गायब झाल्या. आता अशा लिंका बऱ्याचदा नुसत्या मोजल्याच जात नाहीत, म्हणजे पैसे पाण्यात, आणि प्रकरण फारच उघड असेल तर शिक्षा पण होते. त्यांना लेखी कळवा की ते काम बंद.

आणि आजच्या आज तपासा की डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे. एजन्सीच्या नावावर असेल तर भांडण व्हायच्या आत गोडीगुलाबीने स्वतःच्या नावावर करून घ्या. दुकान तुमचं आणि सातबारा भाडेकरूच्या नावावर, असा प्रकार मी इतक्या ठिकाणी बघितलाय की सांगायची सोय नाही. सर्च कन्सोलमधे पण मालक म्हणून तुमचा ईमेल हवा, त्यांचा पाहुणा म्हणून. हे गूगलचं फुकटचं साधन आहे, त्यात लोक नक्की काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले, किती जणांना तुम्ही दिसलात आणि किती जणांनी दाबलं, सगळं दिसतं. एजन्सीच्या रंगीत रिपोर्टपेक्षा ते एक पान वाचा. तिथं सरासरी आठव्या ते पंधराव्या नंबरवर असलेले शब्द शोधा, थोडा धक्का दिला तर ते वर येतात. तुमच्याकडे 'नारायणपेठ साडी कशी धुवायची' असं काही निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही, आणि त्यावर एक पान लिहायला तुम्हाला कितीसा वेळ लागेल? रोज काउंटरवर दहा जणींना सांगता.

प्रश्न: आमच्या वाचनालयाचे त्रैमासिक 2003 पासून निघते. सर्व जुने अंक वेबसाइटवर ठेवले आहेत. परंतु गूगलमध्ये लेखाचे शीर्षक जसेच्या तसे टाकले तरी काहीही सापडत नाही. अंक उत्तम दिसतात, वाचताही येतात. दोष कुठे असावा?

उत्तर: सर, एक प्रयोग करा. जुन्या अंकातल्या एका लेखावर बोट दाबून एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॅपवर स्वतःलाच पाठवा. मी केलं, आणि ज्ञानेश्वरीवरच्या इतक्या सुंदर लेखाच्या जागी मला इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची खूण आणि अर्धवट स्वल्पविराम मिळाले. गूगलला पण हेच मिळतंय.

ही 2000 च्या आगेमागे डीटीपी केलेल्या बहुतेक सगळ्या मराठी मजकुराची व्यथा आहे. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टांमधे कॉम्प्युटरच्या दृष्टीने अक्षर इंग्रजीच असायचं, फॉन्ट फक्त त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवायचा. मुखवटा काढला की आत 'के' नाहीतर 'एफ'. युनिकोड या सगळ्या लिप्यांसाठीच्या नव्या पद्धतीत तसं नाही, तिथं 'क' ला स्वतःचा नंबर आहे आणि तो जगात सगळीकडे तोच. म्हणजे तुमची वीस वर्षांची मेहनत गूगलच्या लेखी मराठीच नाही.

उपाय आहे, फक्त कंटाळवाणा. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण कुठला फॉन्ट होता ते नेमकं माहीत लागतं आणि जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी इथं हमखास घोळ होतो, त्यामुळे मुद्रितशोधन परत करावंच लागेल. सगळे अंक एकदम काढू नका. दिवाळी अंक आणि स्थानिक इतिहासावरचे लेख आधी घ्या, ते दुसरीकडे कुठंच नाहीत. आणि अख्ख्या अंकाची एक पीडीएफ ठेवण्यापेक्षा प्रत्येक लेखाला स्वतःचं पान, शीर्षक, लेखकाचं नाव, अंकाचं साल. पीडीएफ ठेवा की, पण जोडीला.

पत्त्याबद्दल पण तुम्ही विचारलंय, म्हणजे पानाच्या लिंकमधे देवनागरी चालते का. गूगलला चालते. पण ती लिंक कॉपी करून कोणाला पाठवली की एकेका अक्षराची टक्केवारीच्या खुणांसकट नऊ-नऊ चिन्हं होतात. 'आंबा' म्हणजे आ, अनुस्वार, ब आणि काना, चार तुकडे, झाली 36 चिन्हं. तुमच्या लेखांची शीर्षकं बघता लिंक फूटभर जाईल. मी तरी इंग्रजी अक्षरांत आटोपशीर ठेवते, आतला मजकूर मराठी असला म्हणजे झालं.

प्रश्न: साइटच्या कोडमधे कीवर्ड्सची (लोक शोधतील अशा शब्दांची) जागा असते, तिथं किती शब्द टाकावेत? माझा मित्र 200 टाकतो.

उत्तर: शून्य. त्या कीवर्ड्स टॅगकडे आम्ही क्रमासाठी बघतच नाही असं गूगलने सप्टेंबर 2009 मधे जाहीर केलं. मित्राचे 200 शब्द त्याचे स्पर्धकच वाचत असतील. आणि पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात शब्द लपवायची आयडिया पण त्याचीच असेल तर ती त्याहून वाईट, ते सरळ स्पॅममधे जमा होतं.

प्रश्न: मी सहा वर्षं रेसिपी ब्लॉग लिहिते. रोज एक पोस्ट टाकते तरी वाचक घटत चाललेत. गूगलच आता वर एआयने उत्तर देऊन टाकतं. मग आमच्याकडे कोण येणार? बंद करू का?

उत्तर: तुमचा राग बरोबर आहे. भारतात ते एआय ओव्हरव्ह्यू 2024 च्या ऑगस्टमधे आलं, आणि ज्याला फक्त 'साबुदाणा किती वेळ भिजवायचा' एवढंच हवंय तो उत्तर वरच्या वर वाचून निघून जातो. ते वाचक परत येतील असं खोटं सांगत नाही. पण सगळी घसरण त्यामुळेच का, हे सर्च कन्सोलमधे बघा. तुम्ही दिसताय तेवढ्याच वेळा पण दाबणारे कमी झालेत, तर एआयवर संशय घ्यायला जागा आहे. दिसणंच कमी झालं असेल तर क्रम घसरलाय, ते दुखणं वेगळं.

मला वाटतं तुमच्याकडे थोडं दुसरं पण आहे, आणि त्याला कारण ती रोजची पोस्ट. रोज टाकल्याने गूगल खूश होतं ही अफवा आहे. तुमच्याकडे कांदेपोह्यांच्या अकरा पोस्ट आहेत, अकराही जवळपास सारख्या, आता गूगलने यातली कोणती दाखवायची? चांगली एक ठेवा, बाकीच्यातलं कामाचं त्यात घाला आणि जुन्या लिंका तिकडे वळवा.

तुमची सगळ्यात जास्त वाचली जाणारी पोस्ट कोणती माहितीये? उकडीच्या मोदकाची, ज्यात तुम्ही फुटलेल्या मोदकांचा फोटो टाकलाय. पिठी जुनी होती, उकड कोरडी झाली, पाकळ्या काढताना चिरा पडल्या, मग पाण्याचा हात आणि तुपाचा हात कुठे कसा लावला, सगळं लिहिलंय. खाली 140 कमेंट्स, त्यात बायकांनी आपापल्या फुटलेल्या मोदकांची कहाणी सांगितलीये. ते प्रमाण कोणतंही मशीन सांगेल पण तो फुटलेला मोदक तुमच्या ओट्यावरचा आहे. असं आठवड्याला एक लिहा. बंद कसलं करताय, गणपती तोंडावर आलेत.

प्रश्न: हे सगळं केल्यावर किती दिवसांत फरक दिसतो?

उत्तर: टायटल दुरुस्त केलं तर काही दिवसांत ते बदललेलं दिसेल. क्रमात खरा फरक पडायला चार महिने ते वर्ष धरा, गूगलची माणसं पण एवढंच सांगतात. होमस्टेवाल्या दादांनी आता सुरू केलं तर मे महिन्याच्या सुट्टीला कामी येईल. तोवर रोज सकाळी उठून स्वतःचंच नाव गूगल करत बसू नका, तुमच्या फोनला तुमची जागा आणि सवयी माहीत असतात, त्यामुळे तुम्हाला दिसणारा नंबर दुसऱ्याला दिसेलच असं नाही.

आणि पुढच्या वेळी प्रश्न पाठवताना साइटचा पत्ता लिहा हो. यावेळी चार जणांनी 'आमची साइट बघून सांगा' एवढंच लिहिलंय, आणि ती गूगलवर सापडत नाही हीच तर त्यांची तक्रार आहे.